ली चोंग वेईबद्दल बाकावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या हॉलमध्ये कोर्ट दोन आणि बाक एक. सकाळी सहाला आठ जण खेळतात, बाकीचे बाकावर बसून नंबर लागायची वाट बघतात आणि तेवढ्यात बॅडमिंटनचा सगळा इतिहास निकालात काढतात. ली चोंग वेईचं नाव निघालं की ठरलेले प्रश्न येतात. दर वेळी तीच उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. पुढच्या वेळी कुणी विचारलं की हे पाठवून देईन आणि माझा नंबर लागला की खेळायला जाईन.

हा नेमका कोण? आणि ‘ली’ म्हणायचं की ‘वेई’?

मलेशियाचा पुरुष एकेरीतला खेळाडू. जन्म २१ ऑक्टोबर १९८२, पेराक राज्यातल्या बागान सेराई गावचा. वाढला मात्र पेनांगमधल्या बुकित मर्ताजामला. घराणं चिनी वंशाचं, त्यामुळे आडनाव आधी येतं. ‘ली’ हे आडनाव, ‘चोंग वेई’ हे नाव. आमच्याकडे काही जण त्याला लाडाने नुसतं ‘वेई’ म्हणतात. म्हणजे नुसतं अर्धं नाव झालं ते. आणि हो, त्याच्यानंतरचा मलेशियाचा खेळाडू ली झी जिया त्याचा भाऊ किंवा पुतण्या नाही. चिनी लोकांत ‘ली’ हे आपल्या पाटील-जाधवांसारखं जागोजाग सापडणारं आडनाव आहे.

बॅडमिंटनकडे कसा वळला?

आईमुळे आणि उन्हामुळे. पोराला आवडायचा बास्केटबॉल, पण तिथलं कोर्ट उघड्यावर, डोक्यावर मलेशियाचं ऊन. आईने बास्केटबॉल बंद करून टाकला. वडिलांना बॅडमिंटनची हौस होती, ते त्याला सोबत हॉलवर घेऊन गेले, तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. तिथे तेह पेंग हुआत या प्रशिक्षकाने त्याला हेरलं आणि शाळा सुटल्यावर शिकवायला सुरुवात केली.

सहा-सहा वर्षांच्या मुलांना घेऊन येणाऱ्या आणि ‘सर, उशीर तर नाही ना झाला?’ असं विचारणाऱ्या पालकांना मी हा आकडा मुद्दाम सांगतो. अकरा.

२००० साली, सतराव्या वर्षी, मिसबुन सिदेक यांनी त्याला राष्ट्रीय संघात घेतलं. सिदेक हे मलेशियातलं बॅडमिंटनचं घराणं. मिसबुन सगळ्यांत थोरले. रझीफ आणि जलानी या भावांनी १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये दुहेरीचं कांस्य मिळवलं, ते मलेशियाचं पहिलं ऑलिम्पिक पदक. धाकटा रशीद १९९६ ला एकेरीत कांस्य घेऊन आला. चोंग वेई याच घराच्या हाताखाली तयार झाला.

मलेशियात या खेळाचं एवढं काय आहे?

आपल्याकडे क्रिकेटचं जे आहे ते. थॉमस करंडक, म्हणजे पुरुषांची जागतिक सांघिक स्पर्धा, १९४९ मध्ये पहिल्यांदा खेळवला गेला, तो जिंकला तेव्हाच्या मलायाने. पुढे १९५२, १९५५, १९६७ आणि १९९२ मध्येही तो त्यांच्याकडे गेला. ऑल इंग्लंड या जुन्या, मानाच्या स्पर्धेची एकेरी जिंकणारा पहिला आशियाई खेळाडू वोंग पेंग सून, १९५०, तोही तिथलाच. त्याच्यामागून एडी चुंगने चार वेळा जिंकली.

मोठा सामना असला की रात्रभर उघड्या असणाऱ्या ‘मामक’ हॉटेलांत, म्हणजे तमिळ मुसलमानांच्या खाणावळींत, मोठा पडदा लागतो आणि टेह तारिकचे, म्हणजे तिथल्या दुधाच्या चहाचे, ग्लास हातात घेऊन मलय, चिनी, भारतीय सगळे एका बाकावर बसतात. एरवी राजकारणात वंशावरून वाटले गेलेले हे लोक. चोंग वेई त्या पडद्यावर सगळ्यांचा असायचा. एवढं सगळं असून त्या देशाला आजवर, पॅरिस २०२४ धरूनही, कुठल्याच खेळात ऑलिम्पिक सुवर्ण मिळालेलं नाही. त्याच्या पाठीवर केवढं ओझं होतं ते यावरून कळतं.

यात आपला, म्हणजे महाराष्ट्राचा काही संबंध?

ओढूनताणून नाही, खरोखर आहे. इंग्रज अधिकारी हा खेळ पुण्याच्या छावणीत खेळायचे आणि सुरुवातीला त्याला ‘पूना’ हेच नाव होतं. दुसरं, सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांनी १९५६ साली मलायात सेलांगोर आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली. परदेशात विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. म्हणजे ज्या मातीत पुढे चोंग वेई घडला, तिथल्या लोकांनी आपल्या माणसाला करंडक घेऊन जाताना पाहिलंय.

तिसरा धागा खुद्द चोंग वेईचा. २०१३ च्या इंडियन बॅडमिंटन लीगमध्ये तो मुंबई मास्टर्सकडून खेळला. लिलावात त्याला १ लाख ३५ हजार डॉलर मिळाले, त्या वर्षीची सगळ्यांत मोठी बोली.

तो नंबर एक किती काळ होता?

एकूण ३४९ आठवडे. त्यातले १९९ सलग, २१ ऑगस्ट २००८ पासून १४ जून २०१२ पर्यंत.

इथे जरा थांबतो, कारण माझ्या मते त्याची कारकीर्द समजायची तर याच आकड्यापासून सुरुवात करायला हवी. लोक अंतिम सामने मोजतात. पण बॅडमिंटनची क्रमवारी मागच्या ५२ आठवड्यांतल्या सगळ्यांत चांगल्या दहा निकालांवर ठरते. गेल्या मार्चमध्ये जिंकलेले गुण या मार्चमध्ये गळून पडतात. पुन्हा तिथेच जाऊन, पुन्हा जिंकून ते भरून काढावे लागतात. जानेवारीत क्वालालंपूर, मार्चमध्ये बर्मिंगहॅम, मग दिल्ली, सिंगापूर, जाकार्ता, हिवाळ्यात डेन्मार्क, फ्रान्स, चीन, हाँगकाँग. मंगळवारी किंवा बुधवारी पहिली फेरी, रविवारी अंतिम. सोमवारी विमान. गुडघा दुखतोय, हवा वेगळी, हॉलमध्ये एसीचा झोत आडवा, शटल कधी जड कधी हलकं. तरी उपांत्य फेरी गाठायचीच. एखाद्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत घरी जायचं, असं चारदा झालं की नंबर गेला.

हे त्याने जवळपास चार वर्षं एक आठवडा न चुकता केलं. सुपर सिरीज नावाचा स्पर्धांचा संच २००७ ते २०१७ चालला, त्यातली ४६ विजेतेपदं त्याची. वर्षअखेरची सुपर सिरीज फायनल्स त्याने चारदा जिंकली : २००८, २००९, २०१० आणि २०१३. मलेशिया ओपन बारा वेळा. ऑल इंग्लंड चार वेळा : २०१०, २०११, २०१४, २०१७. शेवटची ऑल इंग्लंड जिंकली तेव्हा तो ३४ वर्षांचा होता आणि समोरच्या चीनच्या शी युचीचं वय २१. निकाल २१-१२, २१-१०. पोराला पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही.

त्याचा कायमचा प्रतिस्पर्धी, चीनचा लिन डान, मोठ्या स्पर्धेला फॉर्मात यायचा आणि मधल्या काळात कधी कधी दिसायचाही नाही. मला त्यात काही गैर वाटत नाही, ती एक पद्धत आहे. पण दर आठवड्याला दुकान उघडणारा माणूस वेगळा.

त्याचा खेळ होता कसला?

उंची साधारण पावणेसहा फुटांच्या आत, म्हणजे डेन्मार्कच्या उंचापुऱ्या अॅक्सेलसनसमोर छोटाच. सगळा खेळ पायांवर. व्हिडिओ लावा आणि शटल बघूच नका, फक्त त्याच्या टाचा बघा. त्या कधी जमिनीला टेकलेल्या सापडत नाहीत. डाव्या मागच्या कोपऱ्यात शटल आलं की आपण बॅकहँडला वळतो आणि मारतो ती लंगडी क्लिअर, म्हणजे मागच्या रेषेपर्यंतही न पोचणारा उंच फटका. तो मात्र कंबरेतून मागे वाकतो, डोक्यावरून हात आणतो, हवेतच पायांची कात्री करतो आणि फोरहँडनेच सरळ रेषेत स्मॅश घालतो. खरी गंमत पुढे आहे : डावा पाय जमिनीला लागतो तोच त्याला पुढे ढकलतो, आणि समोरच्याने कसंबसं नेटवर ठेवलेलं शटल उचलायला हा आधीच हजर असतो. स्मॅश आणि नेट यांच्यामध्ये जे अंतर आहे ते बाकीच्यांना दोन उड्यांचं, त्याला एका उडीचं.

त्यात बचाव असा की समोरच्याला तीन-तीन, चार-चार वेळा स्मॅश मारून पॉइंट संपवता यायचा नाही. आमच्यातल्या एकाने कात्री शिकायचा प्रयत्न केला होता. सहा आठवडे घोटा प्लास्टरमध्ये.

मग ऑलिम्पिक सुवर्ण का नाही?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि बहुतेक वेळा कुत्सितपणे. तीन ऑलिम्पिक, तीन अंतिम सामने, तीन रौप्य. तिन्हींना एकाच पोत्यात घालू नका.

बीजिंग २००८ : लिन डानकडून १२-२१, ८-२१. इथे काही सारवासारव नाही. समोरचा घरच्या मैदानावर, घरच्या प्रेक्षकांत, आणि आपला गडी सुरुवातीपासूनच हरलेला. तो हरला तो हरलाच.

लंडन २०१२ : ही खरी जखम. मे महिन्यात वुहानला थॉमस करंडकात डेन्मार्कच्या पीटर गेडविरुद्ध खेळताना त्याच्या घोट्याचा स्नायुबंध फाटला. ऑलिम्पिकला जेमतेम दोन महिने. पहिल्याच सामन्यात फिनलंडच्या विले लांगने त्याला तीन गेमपर्यंत खेचलं. तरी अंतिम फेरी गाठली, पहिला गेम २१-१५ घेतला. मग १०-२१. तिसऱ्यात १९-२१. दोन पॉइंट! हरल्यावर त्याने देशाची माफी मागितली. माफी कशाची, हे मला आजही कळलेलं नाही.

रिओ २०१६ : उपांत्य फेरीत लिन डान. पहिला गेम गेला, मग २१-११, मग २२-२०. ऑलिम्पिकमध्ये लिनला हरवायचं आठ वर्षांचं काम त्या दिवशी झालं. दुसऱ्याच दिवशी अंतिम सामन्यात चीनचाच चेन लाँग, चोंग वेईपेक्षा सहा वर्षांनी लहान, वीतभर उंच, आणि ताजा. १८-२१, १८-२१. चोंग वेई तेव्हा चौतिशीला टेकला होता. ज्याने काल आयुष्याचा सामना जिंकला त्याला आज आणखी एक खेळायला लावणं, हा ऑलिम्पिकचा नियमच आहे, तक्रार करता येत नाही.

जागतिक अजिंक्यपदही नाही, आशियाई खेळांचं सुवर्णही नाही. हे लपवायचं कारण नाही. २०११ मध्ये लंडनलाच जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याच्याकडे दोन मॅच पॉइंट होते, म्हणजे एक गुण मिळाला की सामना खिशात, तरी शेवटचा गेम गेला २१-२३ ने. पण ‘दबावात मोडतो’ असं म्हणणाऱ्यांनी पुढचं उत्तरही वाचावं.

लिन डानविरुद्ध त्याचं रेकॉर्ड काय?

चाळीस सामने. लिन २८, चोंग वेई १२. म्हणजे दहातले तीन. समोर कोण आहे ते बघितलं तर हे वाईट नाही.

त्या बारांतला एक मी सगळ्यांना दाखवतो : मलेशिया ओपन २००६, अंतिम सामना, गाव कुचिंग. २१ गुणांची नवी पद्धत नुकतीच लागू झालेली. जुन्या पद्धतीत सर्व्हिस आपली असेल तरच गुण मिळायचा, नवीत प्रत्येक रॅलीला गुण, म्हणजे पिछाडी भरून काढणं जास्त अवघड असं तेव्हा सगळे म्हणत होते. तिसऱ्या गेममध्ये लिन २०, चोंग वेई १३. लिनला एक हवा, फक्त एक. तो एक मिळेना. चौदा, पंधरा, सोळा... ओळीने सात मॅच पॉइंट वाचवून २०-२०, आणि शेवटी २३-२१. त्याच महिन्यात तो पहिल्यांदा जगात पहिला झाला. दबावात मोडणारा माणूस हा.

दुसरं टोक २०१३, ग्वांगझूची जागतिक स्पर्धा. लिन वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांच्या खास आमंत्रणावर, आलेला. तिसऱ्या गेममध्ये १७-२० असताना चोंग वेईच्या पायात असे गोळे आले की उभंही राहता येईना. स्ट्रेचरवरून नेलं. तो सामना ११ ऑगस्टचा आणि आपली ती भारतातली लीग सुरू झाली १४ ऑगस्टला!

डोपिंगमध्ये सापडला होता ना?

हो. ऑगस्ट २०१४ च्या कोपनहेगनच्या जागतिक स्पर्धेत घेतलेल्या नमुन्यात डेक्सामेथासोन सापडलं. हे सूज उतरवणारं औषध आहे, ताकद वाढवणारं स्टेरॉइड नव्हे. स्पर्धेबाहेर ते घेता येतं, स्पर्धेदरम्यान चालत नाही. सुनावणी एप्रिल २०१५ मध्ये अॅमस्टरडॅमला झाली. कॉर्डिसेप्सच्या कॅप्सूल तो घेत असे (उत्तराखंडात जिला कीडाजडी म्हणतात ती ही), आणि त्या कॅप्सूलच्या जिलेटिनच्या वेष्टनातून औषध शरीरात गेलं, हे स्पष्टीकरण समितीने मान्य केलं. फसवणुकीचा हेतू नव्हता, निष्काळजीपणा होता, असं ठरलं. शिक्षा आठ महिने, मागच्या तारखेपासून मोजून ३० एप्रिल २०१५ पर्यंत. कोपनहेगनचं रौप्य गेलं ते गेलंच.

माझं मत विचाराल तर निकाल रास्त होता, दोन्ही बाजूंनी. जगात पहिल्या क्रमांकाचा खेळाडू कॅप्सूलमध्ये काय आहे हे न तपासता गिळतो, ही चूकच.

परत आला तेव्हा क्रमवारीत शंभराच्याही खाली होता. अमेरिकन ओपन, कॅनडा ओपन अशा एरवी त्याने ढुंकून बघितल्या नसत्या त्या स्पर्धा खेळून, जिंकून, गुण गोळा करत वर चढला. वर्षअखेरीस चायना ओपन आणि हाँगकाँग ओपन त्याच्या खिशात. आठवड्यांचा हिशोब म्हणतो तो हाच.

पैसे किती मिळायचे?

स्पर्धांची बक्षिसं, रॅकेट कंपनीचा करार, जाहिराती, हे सगळीकडे असतं तसंच. वेगळं आहे ते सरकारचं. मलेशियात ऑलिम्पिक पदकाला रोख बक्षीस आणि शिवाय दरमहा निवृत्तिवेतन मिळतं. सुवर्णाला १० लाख रिंगिट, रौप्याला ३ लाख. लंडनच्या आधी एका सोन्याच्या खाणीच्या मालकाने सुवर्ण जिंकणाऱ्या बॅडमिंटनपटूला २० लाख रिंगिटची सोन्याची वीट जाहीर केली होती. ती वीट तिथेच राहिली. बीजिंगच्या रौप्यानंतर पेनांगने त्याला ‘दातो’ हा किताब दिला, साधारण आपल्याकडच्या जुन्या रावबहादुरासारखा.

भारतीय खेळाडूंविरुद्ध कसा खेळला?

लंडन २०१२ च्या उपांत्यपूर्व फेरीत पारुपल्ली कश्यपने त्याला पहिल्या गेममध्ये १९-२१ पर्यंत झुंजवलं, दुसरा ११-२१. दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुल खेळांत एकेरीचं सुवर्ण त्याचंच, आणि इंडिया ओपनही त्याने तीनदा जिंकली. २०१७ च्या इंडोनेशिया ओपनमध्ये मात्र प्रणॉयने त्याला २१-१०, २१-१८ असं सरळ गारद केलं आणि दुसऱ्या दिवशी चेन लाँगलाही.

२०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुलची गंमत बघा. सांघिक अंतिम सामन्यात श्रीकांतने त्याला दोन गेममध्ये हरवलं, भारताने सुवर्ण नेलं. सहा दिवसांनी एकेरीच्या अंतिम सामन्यात तेच दोघे. श्रीकांतने पहिला गेम २१-१९ घेतला, आमच्या बाकावर पेढ्यांची वर्गणी सुरू झाली. मग २१-१४, २१-१४. पस्तिशीतल्या माणसाने एका आठवड्यात उधारी फेडली. वर्गणीचा चहा झाला.

निवृत्त का झाला?

१ जुलै २०१८ ला क्वालालंपूरमधल्या बुकित जलीलच्या हॉलमध्ये त्याने जपानच्या मोमोताला २१-१७, २३-२१ हरवून बारावी मलेशिया ओपन जिंकली. त्यानंतर काही आठवड्यांत श्वसनाचा त्रास असल्याचं सांगून त्याने जागतिक स्पर्धेतून नाव काढून घेतलं. सप्टेंबरमध्ये कळलं, नाकाचा कर्करोग, सुरुवातीच्या टप्प्यातला. उपचार तैवानमध्ये झाले. तो परत सरावालाही उतरला, टोकियो ऑलिम्पिकचं स्वप्न सोडायला तयार नव्हता. पण शरीर आणि डॉक्टर दोघांनी नाही म्हटलं. १३ जून २०१९ ला पत्रकारांसमोर रडत रडत त्याने निवृत्ती जाहीर केली. मे २०२३ मध्ये जागतिक महासंघाने क्वालालंपूरला त्याला आणि लिन डानला एकाच दिवशी ‘हॉल ऑफ फेम’मध्ये घेतलं.

त्याच्यामागे कोण?

ली झी जिया. २०२१ ची ऑल इंग्लंड त्याने अॅक्सेलसनला हरवून जिंकली. २०२२ च्या जानेवारीत राष्ट्रीय संघटना सोडून स्वतंत्र खेळायचं ठरवलं, त्यावरून मोठा गदारोळ झाला, बंदी आली आणि लगेच उठलीही. पॅरिस ऑलिम्पिकला कांस्याच्या सामन्यात आपल्या लक्ष्य सेनला पहिला गेम देऊन त्याने हरवलं, ते आठवून आमच्याकडे अजून कुणी बोलत नाही.

कुठला सामना आधी बघू?

घाईत असाल तर कुचिंग २००६ चा शेवटचा गेम, १३-२० पासून. वेळ असेल तर रिओची उपांत्य फेरी, अख्खी. पण शिकायचं असेल तर ऑल इंग्लंड २०१७ चा अंतिम सामना लावा, आवाज बंद करा आणि मघाशी म्हटलं तसं फक्त टाचा बघा. पहिल्या गेमपर्यंत बघितलंत तरी पुरे. तेवढ्यात तुमचा नंबर लागतोच.